गवताचे यंत्र आणि वाचलेले बारा रोज



पाऊस सरत आला, की आपल्या चर्चच्या आवारात एक काम दरवर्षी उभे राहते. मैदानावर गुडघाभर गवत माजलेले असते, ग्रोटोपुढची हिरवळ ओळखू येत नाही आणि दफनभूमीत थडग्यांच्या रांगा गवतात बुडून जातात. २ नोव्हेंबरच्या मृत भाविकांच्या स्मरणदिनापूर्वी हे सारे साफ व्हावे लागते. आजवर हे काम विळ्याने होत आले. यंदा मात्र काही जणांनी सुचवले आहे, की धर्मग्रामाने गवत कापायचे यंत्र विकत घ्यावे. पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत हा विषय येणार आहे. सभेत हात वर करण्याआधी आपण सर्वांनी मिळून त्यावर थोडा विचार करावा, म्हणून आजचे हे पान.

कोणी म्हणेल, "यंत्र घ्यायचे तर दुकानात जावे, दोन-चार पाहावीत, परवडेल ते आणावे. यात विचार कसला?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच लहानसे असतात. नीतिशास्त्र केवळ युद्ध, लाचलुचपत किंवा मृत्युदंड अशा मोठ्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेले नाही. मोबाईल, मोटारसायकल किंवा मिक्सर घेताना आपण कोणते प्रश्न विचारतो आणि कोणते विचारायचे विसरतो, यावरूनही आपले मन कळते.

गवत आणि निवड या दोन गोष्टींचे तत्त्वज्ञानात जुने नाते आहे. चौदाव्या शतकातील फ्रेंच विचारवंत जाँ ब्युरिदाँ यांच्या नावाने एका गाढवाची गोष्ट सांगतात. गवताचे अगदी सारखे दोन भारे सारख्याच अंतरावर ठेवलेले आहेत आणि मध्ये हे भुकेले गाढव उभे आहे. डावीकडे जावे की उजवीकडे, याला कारण सापडेना. शेवटी ते जागीच उपाशी मेले. गंमत अशी, की ब्युरिदाँ यांच्या ग्रंथांत हे गाढव कुठेच सापडत नाही. त्यांची थट्टा करणाऱ्यांनी ते त्यांच्या गळ्यात बांधले. दुकानात सहा प्रकारची यंत्रे ओळीने मांडलेली पाहून आपलीही त्या गाढवासारखी गत होते. पण आपली खरी अडचण वेगळी आहे. कोणते यंत्र चांगले, हे विक्रेता सांगेल. ते कशासाठी हवे आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे त्याला विचारून उपयोग नाही.

विवेकाच्या तीन पायऱ्या

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्‌गुणावर सविस्तर लिहिले आहे. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे, की हिशेबीपणाही नव्हे. चांगले काय ते ओळखून ते प्रत्यक्षात आणण्याची ती ताकद आहे. त्याच्या तीन पायऱ्या संत थॉमस सांगतात. पहिली, सल्लामसलत: माहिती गोळा करणे, जाणत्यांना विचारणे. दुसरी, निर्णय: जमवलेल्या माहितीचा नीट तोल पाहणे. तिसरी, अंमल: जे ठरले ते करणे. या तिघांत तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, असे ते म्हणतात. सल्लामसलतीला हवा तेवढा वेळ घ्यावा, पण ठरल्यावर रेंगाळू नये. आपल्या सभांमध्ये बरेचदा उलटे घडते, हे आपण जाणतोच! चला तर, या तीन पायऱ्यांनी आपण गवताच्या प्रश्नाकडे पाहू.

पहिली पायरी: सल्लामसलत

प्रथम हे यंत्र आले कुठून ते पाहू. इंग्लंडमध्ये मोठ्या बंगल्यांपुढची हिरवळ पूर्वी मजूर लांब दांड्याच्या विळ्याने कापत, नाहीतर तिच्यावर मेंढरे सोडत. ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांसाठी ते प्रसिद्ध होते. तेथील एडविन बडिंग या कारागिराने कापडावरची लव सारखी कापणारे फिरत्या पात्यांचे यंत्र पाहिले आणि तीच युक्ती गवताला लावली. १८३० साली त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले. सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः ढकलावे, त्यांना करमणूक आणि व्यायाम दोन्ही मिळेल, असे त्या पेटंटमध्ये सुचवलेले आहे. विळा चालवणाऱ्या मजुरांचे पुढे काय होणार, याचा विचार मात्र त्या सूचनेत नाही.

या यंत्राच्या घराण्यात आणखी एक कहाणी दडलेली आहे. कापडावरची लव कापण्याचे काम आधी कुशल कामगार मोठ्या कात्र्यांनी हाताने करीत. ते काम यंत्रांकडे गेले तेव्हा यॉर्कशायरमधील हे कामगार उपासमारीच्या भीतीने पेटून उठले आणि १८१२ साली त्यांनी रात्रीबेरात्री गिरण्यांवर हल्ले करून ती यंत्रे फोडली. इतिहास त्यांना 'लडाइट' या नावाने ओळखतो. या दंगलींतून झालेल्या खटल्यांत १८१३ च्या जानेवारीत यॉर्क येथे सतरा जणांना फाशी दिले गेले. त्यांचा हिंसेचा मार्ग चुकीचाच होता. पण 'यंत्र आले तर आमच्या मुलांनी काय खावे?' हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

आता आज मिळणारी यंत्रे पाहू. बडिंगच्या पद्धतीचे हाताने ढकलायचे यंत्र अजूनही मिळते. त्यात पिळदार पाती एका स्थिर पात्यावर फिरतात आणि कात्रीसारखे गवत कापतात. त्याला पेट्रोल लागत नाही, वीज लागत नाही आणि आवाजही फारसा नसतो. पण गवत एकदा उंच वाढले, की ते यंत्र अडून बसते. पेट्रोलवर चालणारे यंत्र रॅन्सम्स या इंग्लिश कंपनीने १९०२ साली बाजारात आणले. आता इंजिनाच्या किंवा विजेच्या यंत्रांत बहुधा एकच आडवे पाते वेगाने गरगरते. ते उंच गवतालाही पुरून उरते. मात्र पाते बोथट झाले, की गवत कापले न जाता फाटते आणि त्याचे शेंडे पिवळे पडतात. तिसरा प्रकार म्हणजे खांद्याला अडकवायचे ब्रश कटर, जे आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सर्रास दिसते. त्याला धातूचे पाते किंवा नायलॉनची दोरी लावतात. दोरीची ही कल्पना अमेरिकेत ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली मोटारी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून सुचली. बॅटरीवर चालणारी यंत्रे आता मिळतात. ती कमी आवाजाची असतात, पण बॅटरी संपली की थांबावे लागते आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च असतो. १९९५ पासून तर आपोआप फिरणारी रोबो यंत्रेही निघाली आहेत. पण ती सपाट, सारख्या कापलेल्या हिरवळीसाठी. आपल्या मैदानाचे दगड आणि खड्डे पाहून ती बिचारी पहिल्याच दिवशी संपावर जातील.

एवढी माहिती आपल्या तरुणांनी काढून दिली. आपल्या धर्मग्रामातील निवृत्त इंजिनिअर मंडळींनीही सल्ला दिला, फायनान्स कमिटीने खर्चाचा अंदाज दिला. मात्र एका गटाला अजून कोणी विचारले नव्हते. ज्यांच्या हातात दरवर्षी विळा असतो, त्या पूर्वेकडून येणाऱ्या आदिवासी भगिनींना! म्हणून आम्ही त्यांना विचारले. यंत्राचे नाव काढताच त्या विरोध करतील, असे अनेकांना वाटत होते. त्यांच्यातील वडीलधाऱ्या बाईंनी मात्र शांतपणे सांगितले, "फादर, मैदानावर मशीन आणा. तिथं वाकून वाकून कंबर मोडते. पण थडग्यांमध्ये नको, क्रूस फुटतील. आणि दोरीवालं मशीन नको. त्यानं गवताचा चुरा होतो, भारा बांधता येत नाही. मग गुरांना काय घालायचं?" थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आणि मशीन आणलं, तर ते आमच्या हातात द्या."

पाच-सहा वाक्यांत त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. कुठे यंत्र चालेल, कुठे चालणार नाही, कोणते पाते हवे आणि खरा प्रश्न कोणता, हे सगळे त्यात आले. सल्ला घ्यायचा तो शिकलेल्यांकडूनच, ही आपली सवय आपण तपासून पाहिली पाहिजे.

दुसरी पायरी: निर्णय

प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात. एक चिठ्ठीवर लिहिलेली. ती आपण मोजतो. दुसरी न लिहिलेली. ती बरेचदा दुसरा कोणीतरी मोजतो.

आवाजाचेच पाहा. पेट्रोलच्या यंत्राचा कर्कश आवाज ते चालवणाऱ्याच्या कानांना आणि शेजारच्या घरात झोपलेल्या आजाऱ्याला सोसावा लागतो. जर्मनीत २००२ च्या नियमानुसार निवासी वस्तीत रविवारी आणि सुटीच्या दिवशी गवत कापायचे यंत्र लावण्यास मनाई आहे. इतर दिवशीही रात्री आठ ते सकाळी सात ते बंद ठेवावे लागते. धुराचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात काही इंधन न जळताच बाहेर पडते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून बागकामाच्या अशा लहान पेट्रोल इंजिनांची नवी विक्री २०२४ पासून बंद करण्याचे पाऊल उचलले. मग चालवणाऱ्याच्या अंगाचा प्रश्न. ब्रश कटरच्या पात्याखाली दगड आला, तर तो गोळीसारखा उडतो. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, पायांत बूट आणि पोटऱ्यांना आवरण यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. यंत्राला पैसे आहेत आणि चष्म्याला नाहीत, असे म्हणणारी फायनान्स कमिटी आपली नसावी.

पण सर्वांत मोठी न लिहिलेली किंमत आहे ती मजुरीची. एक हिशेब करून पाहू. समजा, चार भगिनी मैदानाच्या कामाला चार दिवस लावतात. म्हणजे सोळा रोज झाले. यंत्र घेतल्यावर तेच काम दोघींनी दोन दिवसांत केले, तर चार रोज होतील. बारा रोज वाचले. आता प्रश्न असा, की वाचलेले हे बारा रोज कोणाचे?

आपण सहज म्हणतो, "धर्मग्रामाचे पैसे वाचले." ते खोटे नाही. चर्चच्या पेटीत पडणारा पैसा लोकांच्या घामाचा आहे, त्यात एखाद्या गरीब विधवेचीही नाणी आहेत. तो जपून वापरणे हे आमचे कर्तव्यच आहे. पण काटकसर कोणाच्या जिवावर होते, हेही पाहिले पाहिजे. आपण दिवे विझवून वीज वाचवली, तर ती आपली काटकसर. सर्वांत गरीब माणसाच्या हातातली सगळी मजुरी काढून आपली शिल्लक वाढवली, तर तिला काटकसर म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूने कोणी विचारील, "मग काय विळाच धरून बसायचे? उद्या म्हणाल, मोटारपंप काढा आणि रहाट बसवा!" हा आक्षेपही गंभीरपणे घेतला पाहिजे. दिवसभर उन्हात वाकून कंबर मोडणे यात काही पुण्य नाही. दुसऱ्याच्या पाठदुखीला 'श्रमप्रतिष्ठा' असे गोंडस नाव देणे, तेही स्वतः पंख्याखाली बसून, हा ढोंगीपणा होईल. ॲरिस्टॉटल यांनी 'पॉलिटिक्स' या ग्रंथात एक कल्पना मांडली आहे: धोटा आपोआप कापड विणू लागला, तर मालकांना गुलामांची गरजच उरणार नाही. धोटा आपोआप चालू लागला, त्यालाही आता दोनशे वर्षे होऊन गेली. पण त्याने माणूस आपोआप मोकळा झाला नाही. कोणी मोकळा झाला, कोणी बेकार झाला. फरक कशाने पडला? यंत्र कोणाच्या मालकीचे आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात, याने.

महात्मा गांधी यंत्रांचे विरोधक होते, असे आपण शाळेत शिकतो. पण १९२४ साली त्यांनी स्पष्ट केले होते, की आपला विरोध यंत्रांना नसून यंत्रांच्या वेडाला आहे. आणि शिवणयंत्र त्यांनी अपवाद म्हणून मान्य केले होते. आपल्या गावांतील किती विधवांनी शिवणयंत्रावर मुलांची शिक्षणे केली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ते यंत्र त्यांच्या हातात होते, त्यांच्या जागी नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या श्रमविषयक परिपत्रकात हाच विचार मांडला: तंत्रज्ञान माणसाचे सहकारी आहे, पण ते माणसाची जागा घेऊन त्याचे काम आणि कामातला आनंद हिरावू लागले, तर ते जवळजवळ शत्रू बनते.

तेव्हा आमच्या मते कसोटी अशी असावी: यंत्राने कंबरदुखी घ्यावी, भाकरी घेऊ नये.

घरच्या बागेपुरते

आपल्यापैकी काहींच्या घरापुढे आता लहानशी हिरवळ असते आणि कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली आपली मुले तर दर आठवड्याला स्वतः गवत कापतात. त्यांच्यासाठीही दोन शब्द. अंगणाएवढ्या हिरवळीला हाताने ढकलायचे यंत्र पुरते. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून ते कापले तरी पुन्हा वाढते. पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. पाते धारदार ठेवावे. कापलेले बारीक गवत तिथेच पसरू द्यावे, त्याचे खत होते.

आणि एक प्रश्न यंत्र घेण्याच्याही आधीचा. ही हिरवळ आपल्याला हवी कशाला? इंग्लंडच्या उमरावांची हिरवळ जमीनदारीचे प्रदर्शन होती: 'एवढ्या जमिनीत काही पिकवले नाही तरी आमचे अडत नाही.' आपल्या वाडवडिलांनी वाडीचा एक कोपरा असा रिकामा ठेवला नाही. तिथे केळी होत्या, पानवेल होती, मोगरा होता. पहिल्या पावसात उगवलेला टाकळा आणि कुर्डूसुद्धा आपल्या आयांनी खुडून भाजीला घेतला. यंत्राला टाकळा आणि गवत यांतला फरक कळत नाही. तो ओळखणाऱ्या स्त्रिया आज दोन पिढ्यांपूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. मुलांना खेळायला हिरवळ हवी, तर जरूर ठेवावी. शेजाऱ्याने केली म्हणून ठेवायची, तर यंत्राचा, पाण्याचा आणि रविवारच्या वेळेचा खर्च कशासाठी करतो, हे स्वतःला विचारावे.

तिसरी पायरी: अंमल

आता आपल्या आवाराकडे वळू. सभेपुढे आम्ही पुढील प्रस्ताव ठेवणार आहोत. ग्रोटोपुढच्या हिरवळीसाठी हाताने ढकलायचे साधे यंत्र घ्यावे; आपल्या युवकांनी पाळीपाळीने ते चालवावे. मैदानासाठी धातूच्या पात्याचे एक ब्रश कटर घ्यावे, त्यासोबत चष्मा, बूट आणि कानांचे संरक्षण अशा दोन जोड्या घ्याव्यात. ते चालवायला त्या भगिनींपैकी दोघींना रीतसर शिकवावे आणि यंत्र चालवणाऱ्या कामगाराचा जो चढा दर असतो, तो त्यांना द्यावा. दफनभूमीत विळाच चालेल. कापलेल्या गवताचे भारे आजवर त्या घरी नेत आल्या, तसेच पुढेही नेतील. यंत्र रविवारी, मिस्सेच्या वेळी आणि अंत्यविधीच्या वेळी बंद राहील.

राहिले ते बारा रोज. त्यांचे तीन वाटे करावेत. एक वाटा यंत्राच्या आणि इंधनाच्या खर्चाला. दुसरा वाटा त्या दोघींच्या वाढीव मजुरीला. तिसऱ्या वाट्यातून उरलेल्या दोघींना आवारातच दुसरे काम द्यावे: पाचोळ्याचे खत करणे, कुंपणालगत झाडे लावणे, पावसाळ्याआधी गटारे मोकळी करणे. ही कामे वर्षानुवर्षे 'माणसे मिळत नाहीत' म्हणून पडून आहेत. अशा वाटणीने धर्मग्रामाची शिल्लक फारशी वाढणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. ज्यांना शिल्लक महत्त्वाची वाटते त्यांनी सभेत तसे मोकळेपणाने मांडावे. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य असू शकते आणि ते ऐकूनच निर्णय होईल.

एक विनंती मात्र आहे. या विषयापुरते त्या चार भगिनींना सभेला बोलावले आहे. त्या मागच्या बाकावर बसतील, कारण त्यांना तशीच सवय आहे. त्यांना पुढे बसवू या आणि चर्चेतला पहिला शब्द त्यांना देऊ या. सभा मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये भरेल. दिवस आणि वेळ सूचनाफलकावर लिहिली आहे. आपण सर्वांनी अगत्याने यावे.

आपले धर्मगुरू